दौल्या, उद्या तिसरी माळ

दौल्या, चारचौघांत मी तुला जन्मभर 'राजे' म्हणालो आणि चारचौघं उठून गेले की 'दौल्या'. आज चारचौघं नाहीत. तुझ्या ओट्यावर मी एकटाच बसलोय, मांडीवर वही घेऊन. आतून तुझ्या पोरीचा विळा दगडावर घासल्याचा आवाज येतोय. तुला जाऊन वीस दिवस झाले आणि वीस दिवसांत मला धड घास गेलेला नाही. माझ्यासारखा माणूस जेवत नाही म्हटल्यावर गावानं खरं तर दवंडी पिटायला हवी होती.

उद्या तिसरी माळ. उद्या सूर्य वर यायच्या आत मानाच्या शेतात पहिला विळा फिरायचा आहे. सात गावांचं हळवं, लवकर पिकणारं भात पिवळं होऊन उभं आहे आणि राजा नाही. दोन माणसं आहेत. एकाच्या डोक्यावर फेटा आहे, दुसरीच्या हातात विळा. माझ्या जिवाला घोर लागलाय तो त्याचा.

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणार दुसरेच. त्यांना वाटेल, कुठलं राज्य, कुठला राजा! तेव्हा तू जरा दम धर, त्यांना सांगतो.

मुरबाडपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आपलं कुडशेत संस्थान. विस्तार एवढा, की राजधानीत कुत्रं भुंकलं तर सरहद्दीवरचं कुत्रं उत्तर देतं. महाल म्हणजे चार खणांचं कौलारू घर, आणि राजा म्हणजे तू, मुरबाड-कल्याण जीपचा ड्रायव्हर. तू गाडी चालवायचास आणि मी सीट भरायचो. कल्याणची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पहिले चार-पाच जण बसले की त्यांचं सगळं लक्ष स्टँडाकडं. लाल एसटी वळताना दिसली की मंडळी टुणकन उतरून पळणार. त्यांना बसवून ठेवायला मी तोंड उघडायचो.

"अहो पाव्हणं, पळताय कुटं? गाडी कोण चालवतंय ठाऊक हाय का? कुडशेतचं महाराज!"

पाव्हणा हसायचा, पण एक पाय आत घ्यायचा. मग मी घोडा काढायचो. तुझ्या पणजोबांचा पांढरा घोडा काळू नदी एका ढांगेत ओलांडायचा. एकदा भर पुरात महाराजांनी टाच मारली, पलीकडं पोचले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की घोडा अलीकडंच राहिलाय. एवढ्यात आणखी दोन सीट यायच्या. त्यांच्यासाठी मी फेटा काढायचो. तुझ्या आजोबांचा फेटा धुऊन वाळत घातला की एक टोक मुरबाडला आणि दुसरं सापगावला, मधल्या गावांतल्या बाया त्यावर पापड घालायच्या. तू हूं का चूं करायचा नाहीस. आरशात बघून फक्त मिशीला पीळ द्यायचास. एकदा डोंबिवलीच्या एका म्हातारबाबांनी उतरताना तुझ्या पायाला हात लावला. "जग्या," तू नंतर म्हणालास, "त्या मानसाच्या डोळ्यांत पानी होतं रे. आता पुरं कर." मी पुरं केलं नाही. सीट कशा भरायच्या?

पण थापांना पाय असतात. त्या जीपमधून उतरून घरी चालत गेल्या. दहा वर्षांनी तुझे चुलतभाऊ तात्या, तुमच्या भावकीतले सगळ्यांत वडील, एका लग्नात मलाच घोड्याची गोष्ट सांगत होते. "पवन्या नाव त्याचं," म्हणाले. मी घोड्याला नाव दिलंच नव्हतं.

खरी होती ती फक्त एक गोष्ट. पहिला विळा. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, सूर्य उगवायच्या आत, राजानं पांढरं धोतर नेसून, लाल फेटा बांधून एकट्यानं मानाच्या शेतात उतरायचं. सात गावची माणसं ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, विळे कमरेला. राजानं पहिली पेंढी कापून डोक्यावर उचलली की पलीकडून 'चांगभलं!' उठायचं. पेंढी गावदेवीला गेली की मग लोकांनी आपापल्या शेतात उतरायचं. त्याआधी कोणी लोंबीला नख लावणार नाही. आणि तिसरी माळ चुकली तर थेट दसऱ्यापर्यंत थांबायचं. घोडा खोटा, फेटा खोटा, पण हे थांबणं मी डोळ्यांनी बघितलंय. दारात पिकलेलं भात आणि घरात रिकामी कणगी असताना माणसं थांबायची.

कसाऱ्याचं वर्ष आठवतं ना तुला? कसं विसरशील म्हणा. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. दुसऱ्या माळेला सकाळी तू रेल्वेच्या कामाचे लोक आणि त्यांचं सामान घेऊन कसाऱ्याला गेलास. मला म्हणालास, "तू उतर, सामान लय हाय. सांजच्याला येतो." सांजच्याला तू आला नाहीस. कसाऱ्याच्या अलीकडं टँकर आडवा झाला होता आणि हायवेवर मुंगीला वाट नव्हती. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की तिसरी माळ उजाडत आलीय आणि राजा नाही. माळशेजच्या अंगाला आभाळ असं काळं, की म्हशीसुद्धा त्यात हरवाव्यात. भात जमिनीला टेकायला आलेलं. पाऊस पडला असता तर लोंब्या उभ्या जागी मोडाला लागल्या असत्या.

ओढ्यापलीकडं माणसं जमत होती. वहिनी दारात, मी दारात. आणि मधल्या खोलीत तुझी मनीषा, दहावीतली, उंचीला थेट तुझ्याएवढी. वहिनीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.  आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली.

धोतर मी नेसवलं, फेटा मी बांधला, मिशी मी काढली. जरा जास्तच झुपकेदार काढली, सवय.

"काका, मी पडले तर?"

"राजा पडत नाय गो. राजा वाकतो."

"हसू नका. माजे पाय कापतायत."

"तुज्या बापाचेबी कापतात. धोतर कशाला असतं मग?"

मनी शेतात उतरली. अंधुक उजेड, वर धुकं, मधे ओढा. ती वाकली, विळा फिरला, पेंढी डोक्यावर गेली आणि पलीकडून 'चांगभलं' असं उठलं, की ते थेट गावदेवीच्या पायरीवर जाऊन आदळलं. दिवसभर सात गावांत विळे चालले. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तेव्हा भात खळ्यात, छपराखाली होतं.

तिसऱ्या दिवशी तू आलास, तेलानं काळा, डोळे तांबडे. वेशीवरच लोकांनी तुला गाठलं. "राजे, यंदा काय झोकात विळा मारलात!" तू माझ्याकडं बघितलंस. घरात शिरल्यावर माझी कॉलर धरलीस.

"जग्या, काय केलंस तू?"

"राज्य चालवलं."

"माज्या पोरीला?"

"तुज्या पोरीनंच चालवलं. मी आपला मिशीचा प्रधान."

तू हसशील असं मला वाटलं होतं. तू खाली बसलास. त्या दिवशी तू जे बोललास त्यावरून आपण पुढं जन्मभर भांडलो. तू म्हणालास, "लोकांना कळता कामा नये. आता वर्षभरात कुणाची म्हैस मेली, कुणाचं पोर तापानं फणफणलं, तर ते हिच्या नावावर लावतील. पोरीनं विळा मारला म्हणून देवी कोपली म्हणतील. मी हिला जाळात ढकलनार नाय."

मी म्हणालो, ठीक. वर्ष जाऊ दे.

वर्ष गेलं. म्हैस मेली नाही. उलट ठाकूरवाडीच्या भागीबायच्या म्हशीला जुळं झालं. मी म्हणालो, सांग आता. तू म्हणालास, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणालास, मनीचं लग्न होऊ दे. लग्न होऊन ती सापगावला गेली तेव्हा म्हणालास, आता ती परक्या घरची, आता कशाला? मग तुझा हात थरथरायला लागला. जीप प्रतापच्या, तुझ्या पुतण्याच्या, ताब्यात गेली. चहाचा कप बशीत नाचायला लागला, आणि गेली तीन वर्षं तिसऱ्या माळेला मनीच सापगावहून येत होती. लेकराला सासूकडं ठेवून, बापाचं धोतर नेसून, काजळाची मिशी लावून. सात गावांना राजा दिसायचा. राजा घरात खिडकीआड पाय दुमडून बसलेला असायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याला शिव्या घालायचो.

"भित्रा हायस."

"हाय."

"पोरगी राज्य करतेय आन तिला नाव नाय."

"पुढच्या वर्षी, जग्या."

यंदा गौरीच्या दिवशी तू आपण होऊन म्हणालास, "यंदा नक्की. तिच्या साडीत, तिच्या नावानं. फेटा मी बांधीन, कसा का बांधला जाईना." कपातला चहा सांडत होता. मला एवढा आनंद झाला, की मी त्या दिवशी एकसुद्धा थाप मारली नाही. गौरी गेल्या आणि चौथ्या दिवशी तूही गेलास.

तेव्हापासून मी एकच खेळ खेळतोय. तू आणखी एकवीस दिवस जगला असतास तर? फक्त एकवीस. तर उद्या पहाटे तू मनीच्या मागं शेताच्या कडेला उभा असतास. तिच्या डोक्यावर तुझ्या थरथरत्या हातानं बांधलेला फेटा, एका कानावर आलेला. पान चघळून थुंकायला लागतो तेवढा वेळ सात गावं गप्प राहिली असती. आणि राजाचा शब्द म्हटल्यावर कोणीतरी 'चांगभलं' म्हटलं असतं.

आणि दहा वर्षं जगला असतास तर? मग तर तुमच्या राजघराण्याचा नूरच पालटला असता. राणीसाहेब सापगावहून एसटीनं आल्या असत्या, लेडीज सीटवर बसून, मांडीवर पेढ्यांचा पुडा. सापगाव आपलं मांडलिक संस्थान झालं असतं, मनीची सासू तिथली सुभेदार. मनीची पोर चार वर्षांची, ती आत्ताच अंगणात काडीनं गवत कापते. तिला तू लाकडाचा विळा करून दिला असतास. तुमच्या घराण्यात मूल जन्मलं की लोकांनी विचारलं असतं, "मुलगा झाला होय? असू दे, पुढच्या खेपंला." प्रताप तुझा प्रधान झाला असता आणि त्याला पंचायतीला उभं राहायला फेटा लागला नसता. तात्या वर्षभर रुसले असते. आणि दुसऱ्या वर्षी लग्नाच्या पंगतीत त्यांनीच सांगितलं असतं, की आमच्यात हे पूर्वीपासून असंच, आणि पवन्या काही घोडा नव्हता, ती घोडी होती.

असं मी रचत बसतो. मग तेरावा दिवस आठवतो आणि सगळं ढासळतं.

तेराव्याला मांडव भरला होता. भावकी पुढं, सात गावची माणसं मागं, आणि कापणीच्या बाया कडेला, त्यांच्यात ठाकूरवाडीची भागीबाय. सगळ्या शेतांवर तिचीच टोळी कापणी करते. वहिनी आत, दाराआड. तात्यांनी फेटा तबकात घेतला आणि म्हणाले, "राजा गेला, गादी रिकामी ऱ्हात नाय. मुलगा नाय, पुतन्या हाय. ये प्रताप."

मी उठलो. माझे पाय, दौल्या, कापत होते आणि मी धोतर नेसलेलं नव्हतं.

"तात्या, थांबा. राजेंनी मला सांगितलं होतं. यंदा विळा मनीच्या हातात द्यायचा. आन हे आजचं नाय, तिनं आदीबी विळा मारलाय. कसाऱ्याच्या वर्षाला तीच होती. गेली तीन वर्षंबी तीच."

मांडव हसला. तेराव्याचा मांडव, दौल्या, आणि लोक पोट धरून हसले! "बसा जगूशेठ," मागून कोणीतरी म्हणालं, "पवन्याला आनायचा ऱ्हायला काय?"

चाळीस वर्षं थापा मारल्या आणि एक खरी गोष्ट सांगायला उठलो तेव्हा माझ्या खिशात विश्वासाचा एक दाणा नव्हता. मग मी ठरवलं, सगळ्या थापा उलट्या ओकायच्या. म्हणालो, "ऐका. घोडा खोटा. मी जीपमधे सीट भरायला रचला. फेटा खोटा. तलवार, शिकार, समदं खोटं. हे एवढंच खरं हाय."

लोक हसायचे थांबले. पण भलत्याच गोष्टीसाठी.

"घोडा खोटा?" तात्या उभे राहिले.  "माज्या बापानं बगितलाय पवन्या. नदीकाठच्या खडकावर त्याच्या टापेची खून हाय. तू कोन रे आमचा घोडा खोटा करनारा?"

"ती खून मीच दाखवली तुमाला, तात्या."

"गप बस! राजा जाऊन तेरा दिस नाय झालं आन तू त्याचं राज्य पुसतोस?"

हे मला लागलं. कारण ते खरं होतं. तुमचं राज्य उभं होतं माझ्या थापांवर. त्या काढून घेतल्या तर खाली उरतो एक जीप ड्रायव्हर, आणि जीप ड्रायव्हरच्या पोरीनं विळा मारला काय आणि नाही मारला काय! मनीला राणी करायचं तर मला राजा खरा ठेवायला हवा होता, आणि माझ्यावर विश्वास बसवायचा तर राजा खोटा करायला हवा होता.  मनी बायांत बसली होती, तिनं मान वर केली नाही.

तेव्हा भागीबाय बोलली. उठली नाही. बसल्या जागेवरून, तंबाखू गालात सरकवून.

"धसकटं बगितली का कुनी?"

"काय?" तात्या म्हणाले.

"मानाच्या शेतातली धसकटं, कापल्यावर जमिनीत ऱ्हात्यात ती बुडखं. राजानं पयली पेंढी कापली की तितलं उरल्यालं शेत आमीच कापतो. राजा उजवा. त्याच्या विळ्याची धसकटं एका अंगाला तिरपी. कसाऱ्याच्या सालाला गेलो तं पयल्या पेंढीची धसकटं दुसऱ्या अंगाला. आमी बाया बोललो, आज राजा डावखुरा झाला वाटतं. सात गावांत डावखुरं कोन हाय? ही मनी. गेली तीन सालं बी तसंच."

दौल्या, मी धोतर नेसवलं, फेटा बांधला, मिशी काढली. हात कुठला ते माझ्या डोक्यातच आलं नाही! तुझ्याही नाही. आपण दोघं पोरीचा बाप आणि काका, दहा वर्षं जिवाच्या भीतीनं गुपित सांभाळत बसलो, आणि कापणाऱ्या बायांनी ते पहिल्याच दिवशी जमिनीवर वाचलं होतं.

"मग बोलला का नाय?" तात्यांनी विचारलं.

"कशाला बोलू? भात बरं येत होतं."

 मग तात्यांनी घसा साफ केला. रीत ती रीत म्हणाले, लेक दुसऱ्या घरची म्हणाले, आणि प्रतापच्या डोक्यावर फेटा बांधला. भागीबाय पदर झटकून उठली. "बांदा. डोकं कुनाचंबी बांदा. आमच्या बाया मनीचा विळा झाल्याबिगर कापनीला उतरनार नायत."

प्रताप वाईट पोरगा नाही, हे तुला मी सांगायला नको. तू पडलास तेव्हा तोच तुला पाठीशी बांधून मोटारसायकलवरून मुरबाडला घेऊन गेला. मांडव उठल्यावर फेटा काखेत मारून माझ्याकडं आला. "काका, एक सांगू? मला विळा धरताच येत नाय. कंपनीत गेलो, जीपवर आलो, कापनीला कदी उतरलोच नाय. कुनाला सांगू नका." मी म्हणालो, "मी सांगितलं तरी कोन खरं मानतंय?" तो हसला, पण फेटा त्यानं काढून ठेवला नाही. पंचायतीची निवडणूक पुढ्यात आहे.

तेव्हापासून सात दिवस सात गावं भांडतायत. तीन गावं म्हणतात, फेटा तिथं विळा. तीन म्हणतात, विळा मनीचाच. आणि सातवं आपलं कुडशेत, तिथं नवरा एकीकडं आणि बायको दुसरीकडं. तात्या म्हणतात, मनी उतरली तर ओढ्यावर कोणी जाऊ नये. बघायलाच कोणी नसलं तर तो विळा कसला? आणि भात काही आमच्या भांडणासाठी थांबत नाही. कालपासून लोंब्या झडायला लागल्यात.

आणि दौल्या, या सात दिवसांत माझ्या मनात एक वाईट गोष्ट आली. ती तुझ्या तोंडावर बोलण्याची आपली रीत आहे म्हणून लिहितो. मी एवढा रचत बसलो, की तू जगला असतास तर असं झालं असतं आणि तसं झालं असतं. पण तू जगलास की! त्या कसाऱ्याच्या वर्षानंतर तू चांगला दहा वर्षं जगलास. आणि दहाही वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणालास. आणखी दहा जगला असतास तर आणखी दहा वेळा म्हणाला असतास का? मनी चाळिशीला येऊन तुझं धोतर नेसत राहिली असती का? तू गेलास म्हणून तर मी मांडवात उठलो. तू गेलास म्हणून भागीबाय बोलली. असं कसं मनात आणू मी? तू मला हवा आहेस. स्टँडावर उभा राहिलो की अजून हात उचलून 'राजे' म्हणतो आणि बाजूचा केळीवाला बघत राहतो. पण गौरीच्या दिवशी सांडलेल्या त्या चहात खरं किती होतं, ते मला कळेनासं झालंय.

आज दुपारी मनी आली. शहापूरच्या गाडीतून उतरली, हातात पिशवी, पिशवीत पोरीचा एक फ्रॉक चुकून आलेला. मी काजळाचा विषय काढायच्या आत तीच म्हणाली, "काका, मिशीबिशी काय नको. माज्या साडीत उतरनार. नाय चाललं कुनाला तर पुढच्या गाडीनं सापगाव."

"बरं," मी म्हणालो.

मग घराकडं चालताना तिनं विचारलं, सहज विचारावं तसं. "काका, बाबा असते तर यंदा खरंच सांगितलं असतं त्यांनी?"

'हो' हा एक अक्षराचा शब्द, दौल्या. मी तर नदी ओलांडणारा घोडा बोललेला माणूस. आणि तिला तेच ऐकायचं होतं, हे तिच्या चालीवरून कळत होतं, ती हळू झाली होती.  मी म्हणालो, "ठाऊक नाय गो. म्हनाले होते. पन ठाऊक नाय."

 बांधावरून पाणी वाहत होतं तिथं तिनं साडी वर धरून उडी मारली आणि पलीकडं थांबली.

"बरं केलंत. आता उद्या मीच सांगते. पेंढी उचलायच्या आदी. कसाऱ्याच्या साली मीच होते, आन गेली तीन सालंबी मीच, म्हनून सांगते."

"आन ओढ्यावर कुनी नसलं तर?"

ती वळून चालायला लागली. घरी आली, वहिनीच्या मांडीवर पाच मिनिटं डोकं टेकलं, आणि आता आत विळा घासतेय. वहिनीनं तिची हिरवी साडी दोरीवर घातलीय. प्रताप मघाशी येऊन गेला. दारातच उभा राहून म्हणाला, "ताई, जेवलीस का?" एवढंच. उद्या तो ओढ्याच्या कुठल्या काठावर असेल ते त्यालाही ठाऊक नसावं.

मला एवढंच ठाऊक आहे, की मी कुठं असेन. कसाऱ्याच्या साली मी अलीकडं होतो, शेताच्या कडेला दडून. गेली तीन वर्षं तुझ्या खिडकीत. उद्या मी ओढा ओलांडून पलीकडच्या काठावर, प्रजेच्या जागी जाऊन उभा राहणार. दुसरं कोणी आलं तर बरंच. नाही आलं तर ती पेंढी उचलेल तेव्हा 'चांगभलं' मी एकटा ओरडेन. माझा गळा सात गावांना पुरून उरेल एवढा आहे, दौल्या, आणि ही थाप नाही.